घराची परीक्षा आणि विकणाऱ्याचे मौन

घर विकत घेणाऱ्याने ते कसून तपासून घ्यावे की विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा आणि फार तर कायद्याचा वाटतो; परंतु त्याच्या तळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. पहिला ज्ञानाचा आहे : वस्तूत दडलेला दोष माणसाला कोणत्या साधनाने कळतो आणि कोणत्या साधनाने कळूच शकत नाही? दुसरा धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे : ज्याला तो दोष ठाऊक आहे त्याने कोणी न विचारताही तो सांगितला पाहिजे काय, आणि घेणाऱ्याने स्वतः पाहणी केली असेल तर सांगण्याचे हे बंधन सुटते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही. कारण एकाला जे कळणेच शक्य नाही ते त्याने शोधले नाही म्हणून दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

हे प्रश्न ज्या भूमीवर आज रोज उभे राहतात, तिचे एक चांगले उदाहरण म्हणजे अहिल्यानगर. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचे ठाणे म्हणून वसलेले आणि २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखले गेलेले हे शहर २००३ मध्ये महानगरपालिका झाले, आणि त्याच्या आगेमागे त्याची वस्ती वेशींबाहेर, मनमाड रस्त्याच्या अंगाने सावेडीकडे, पुणे रस्त्याने केडगावकडे आणि औद्योगिक वसाहतीच्या ओढीने नागापूर-बोल्हेगावकडे पसरत गेली. येथे घर घेणाऱ्यांत कारखान्यांतले कामगार आणि पर्यवेक्षक आहेत, शिक्षक आहेत, लष्करातून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले आहेत, आणि मुलांच्या शिक्षणासाठी पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आलेली शेतकरी कुटुंबेही आहेत. यांपैकी बहुतेकांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा व्यवहार असतो आणि तो बहुधा एकदाच होतो.

या व्यवहारात तपासणी होत नाही असे नाही. ती कागदाची होते. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, प्लॉट गुंठेवारीतला असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाला आहे की नाही, हे सारे पाहिले जाते आणि वकील साधारण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून देतो. कर्ज असेल तर बँकेचा मूल्यांकनकार येऊन जातो. पण तो पाहतो ते कर्ज बुडाले तर तारण पुरेल काय एवढेच, स्वयंपाकघराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते काय हे पाहणे त्याच्या कामाचा भाग नाही. मिळकतीच्या हक्काची अशी तीन दशकांची वंशावळ तपासली जात असताना, ज्या भिंतींच्या आत कुटुंब राहणार त्यांची तपासणी मात्र दोन-तीन भेटींत, नळ सोडून पाहणे आणि खिडक्या उघडून-मिटून पाहणे यांवर भागवली जाते. फार झाले तर ओळखीचा एखादा इंजिनिअर किंवा मिस्त्री बरोबर नेला जातो. हे अज्ञानामुळे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कागदाचा दोष कागदावर दिसतो आणि भिंतीचा दोष पाहण्याच्या दिवशी भिंतीवर दिसेलच असे नसते, हे त्यामागचे खरे कारण आहे.

येथे भूगोलाकडे वळणे भाग आहे. दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली काळी चिकण माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. ज्या घराचा पाया या थरातून खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नाही, ते घर दरवर्षी किंचित उचलले जाते आणि किंचित बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड निघते, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते, आणि उन्हाळ्यात रुंद झालेली ही तड पावसाळ्याच्या अखेरीस जवळजवळ मिटलेली असते. उलट छताच्या गळतीचे वेळापत्रक याच्या विरुद्ध : ती पावसात दिसते आणि उन्हाळ्यात लपते. नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरमधल्या पावसाचा. कोकणात गळके छप्पर सलग चार महिने स्वतःविषयी बोलत राहते. नगरच्या उपनगरात तेच छप्पर वर्षातून मोजक्याच दिवशी बोलते. कोरड्या प्रदेशात घरे कमी गळत नाहीत. ती गळतात हे फक्त उशिरा कळते. त्यात घर पाहण्याचा आणि व्यवहार ठरवण्याचा हंगाम दसरा-दिवाळीपासून गुढीपाडवा आणि अक्षय्यतृतीयेपर्यंतचा, म्हणजे नेमका कोरडा.

अशा घरात जाणकार इंजिनिअर काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने फरशी आणि गिलावा ठोकत जातो. भरीव आवाजाच्या मध्येच पोकळ आवाज आला की तेथे थांबतो. भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटला आहे काय, रंगाचे पोपडे कोठे धरले आहेत, हे तो वाकून पाहतो. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर ज्या खोलीच्या डोक्यावर येते त्या खोलीचे छत तो टॉर्चच्या तिरप्या उजेडात न्याहाळतो. मालकाची परवानगी असेल तर गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या वाटा बंद करून, तीत चार बोटे पाणी साठवून दोन दिवस ठेवायला सांगतो. आणि साऱ्या घराला जुना रंग असताना एकाच भिंतीला ताजा रंग आणि खालून नवी पुट्टी दिसली, तर त्या भिंतीविषयी तो बाकीच्या साऱ्या भिंतींहून अधिक विचारतो.

भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर यांपैकी थोडे प्रत्यक्ष आहे, म्हणजे इंद्रियांनी मिळालेले ज्ञान, आणि पुष्कळसे अनुमान आहे, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणारे ज्ञान. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे जाणावे, हे न्यायशास्त्राचे ठरीव उदाहरण; खार पाहून जोत्यात ओल आहे असे जाणणे हे त्याच जातीचे. परंतु घर घेणारा प्रत्यक्षात ज्या ज्ञानावर पैसे मोजतो ते या दोहोंत बसत नाही. “कोठेही ओल दिसली नाही, म्हणून ओल नाही” असे तो म्हणतो. न दिसण्यावरून नसणे ठरवण्याच्या या साधनाला अनुपलब्धी म्हणतात आणि कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक, तसेच अद्वैत वेदान्ती, त्याला स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनाचा, दर्जा देतात. मात्र त्यांनी त्याला एक कडक अट घातली आहे : ती वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा होतो. उजेडात, मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. या अटीमुळे तिला योग्यानुपलब्धी असे नाव आहे. एप्रिल महिन्यात नगरच्या घरात गळती न दिसणे ही ज्ञानाच्या दृष्टीने अंधारातली पाहणी आहे, आणि पाहणारा इंजिनिअर कितीही निष्णात असला तरी ऋतू काही त्याच्या हातात नसतो. गच्चीवर पाणी साठवणे ही उन्हाळ्यात पावसाळा उभा करण्याची खटपट आहे. ती उपयोगी आहे, पण वाऱ्याने भिंतीवर आडवा येणारा पाऊस तिच्यात नसतो आणि पायाखालच्या मातीचे फुगणे-आक्रसणे तर नसतेच.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की घराचे काही ज्ञान केवळ त्यात राहिल्यानेच मिळते. ते ज्याच्यापाशी आहे असा माणूस व्यवहाराच्या वेळी एकच असतो, आणि तो विकणारा असतो.

मग त्याने सांगावे काय? हा प्रश्न जवळजवळ याच रूपात रोमन लेखक सिसेरो याने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात चर्चिला आहे. एक सज्जन आपले घर विकायला काढतो. घर आरोग्याला अपायकारक आहे, खोल्याखोल्यांतून सरपटणारे जीव निघतात, लाकूड निकृष्ट असून इमारत ढासळण्याच्या बेतात आहे, आणि हे मालकावाचून कोणालाही ठाऊक नाही. स्टोइक पंथाचे दोन आचार्य, बॅबिलोनचा डायोजिनिस आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर, यांच्या तोंडी सिसेरोने दोन बाजू घातल्या आहेत. अँटिपेटरच्या मते जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीत जाऊ देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही वाईट. डायोजिनिसचे म्हणणे असे की विकणाऱ्याने कोणावर बळजोरी केलेली नाही, घेणाऱ्याला स्वतःची बुद्धी आहे, जे सांगितले ते खोटे नसले म्हणजे झाले, आणि न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. “रोगट घर विकणे आहे” अशी दवंडी पिटणारा मालक कोणी पाहिला आहे काय? सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो, पण डायोजिनिसचा युक्तिवाद त्याने दुबळा करून मांडलेला नाही, आणि उपनगरातल्या कोणत्याही एजंटाच्या तोंडी आजही तो जसाच्या तसा शोभेल. त्याच ठिकाणी सिसेरो एक घडलेला खटला सांगतो. कीलियन टेकडीवरच्या एका उंच घरामुळे शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीला अडथळा येत होता आणि त्यांनी ते उतरवण्याचा हुकूम दिला होता; मालकाने हे न सांगता घर विकून टाकले; हुकूम घेणाऱ्यावर आला तेव्हा पंच असलेल्या मार्कस केटोने, धाकट्या केटोच्या वडिलांनी, ठाऊक असूनही न सांगितल्याबद्दल नुकसानभरपाई विकणाऱ्याकडून देवविली. हा दोष भिंतीत नव्हता, हुकमात होता. अनधिकृत मजल्यावर महापालिकेची नोटीस आली असता तिची वाच्यता न करता घर खपवणाऱ्यांच्या व्यवहाराशी त्याचे नाते सांगावे लागत नाही.

भारतीय धर्मग्रंथांनी ही चर्चा इतकी रंगवली नाही, पण नियम स्पष्ट दिले आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेसळीचा, निकस, मापात कमी, दूर ठेवलेला किंवा झाकलेला माल विकू नये असे म्हटले आहे. नारदस्मृती त्याहून पुढे जाते : निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याकडून घेणाऱ्याला दुप्पट किंमत देववावी आणि तेवढाच दंडही करावा. तथापि दाखवणे आणि देणे यांतील फसवणूक वेगळी आणि दाखवलेल्याच वस्तूविषयी गप्प राहणे वेगळे, असे विकणारा म्हणू शकतो. या पळवाटेला नेमके उत्तर स्मृतींपेक्षा योगशास्त्रात सापडते. पतंजलींनी सांगितलेल्या यमांपैकी सत्याचे विवरण करताना व्यासभाष्य म्हणते की बोलणे हे स्वतःला झालेला बोध दुसऱ्यात संक्रमित करण्यासाठी असते, म्हणून ते फसवे नसावे, भ्रामक नसावे, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागू न देणारे असेही नसावे. शिवाय ते प्राणिमात्रांच्या हिताचे असावे. या विवरणात सत्याची कसोटी वाक्याकडून उचलून ऐकणाऱ्याच्या मनात ठेवलेली आहे. शब्द खरे होते की नाही यापेक्षा बोलणाऱ्याला जे ठाऊक होते ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले की नाही, याला तेथे महत्त्व आहे. वाचस्पती मिश्रांनी फसव्या वाणीचे उदाहरण म्हणून युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी द्रोणाचार्यांना दिलेले उत्तर घेतले आहे, आणि ते उत्तर शब्दशः खोटे नव्हते. “भिंतीला यंदाच रंग दिलाय” हे वाक्यही शब्दशः खरे असते.

जैन धर्मातील गृहस्थाच्या व्रतांत हा विषय अधिकच थेटपणे येतो, आणि नगरच्या बाजारपेठेत जैन व्यापाऱ्यांचे जे जुने स्थान आहे आणि आचार्य आनंदऋषीजी (१९००–१९९२) यांच्यासारख्या या जिल्ह्यातच जन्मलेल्या आचार्यांमुळे त्या धर्माच्या शिकवणुकीला येथे जी ओळख आहे, ती पाहता त्याचा उल्लेख येथे अस्थानी नाही. साधूने सर्व असत्य सोडायचे असते. गृहस्थाला ते शक्य नाही असे मानून त्याच्यासाठी सत्याचे अणुव्रत, म्हणजे मर्यादित व्रत, सांगितले आहे आणि त्यात निदान कोणते असत्य सर्वथा वर्ज्य हे मोजून दिले आहे : वधूविषयीचे, गायीगुरांविषयीचे, जमिनीविषयीचे, दुसऱ्याची ठेव नाकारण्याचे आणि खोट्या साक्षीचे. या यादीची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. वधू, जनावर आणि जमीन या तिन्हींबाबत एका पक्षाला वर्षानुवर्षांचे ज्ञान असते आणि दुसऱ्याला केवळ एका भेटीचे. असत्य सर्वत्र वाईटच. पण जेथे ऐकणाऱ्याला पडताळून पाहण्याचा मार्ग नाही तेथे ते अक्षम्य, असा तिचा आशय घेता येतो.

भारतीय कायद्याने याच ठिकाणी रेघ ओढली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ विकणाऱ्यावर असे बंधन घालते की मिळकतीतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला कळला नसता, तो त्याने उघड करावा; तसे न करणे कपटपूर्ण समजले जाते. सर्वसाधारण खरेदीविक्रीत घेणाऱ्याने स्वतःच सावध राहावे, या इंग्लंडहून आलेल्या तत्त्वाला येथे पुरेशी मुरड घातलेली आहे. सारा भार मात्र “साधारण काळजी” या दोन शब्दांवर येऊन पडतो. भिंतीवरची तड साधारण काळजीने दिसते. मग तिच्यावर पुट्टी भरली तर? गच्चीवर पाणी साठवून पाहणे ही साधारण काळजी की असाधारण? आणि घेणाऱ्याने पैसे मोजून इंजिनिअर आणला, त्याला दोष सापडला नाही, तर विकणारा सुटला काय?

नारदस्मृती वाचली तर सुटला असे वाटते. घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखावेत आणि पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू विकणाऱ्याकडे परत जात नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. व्यवहाराला कोठेतरी शेवट हवा, या दृष्टीने हा नियम रास्त आहे. परंतु त्याच स्मृतीने लगेच पुढे पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत आणि त्या मुदतींतच नियमाचे मर्म आहे : दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, मोती-हिरे-पोवळ्यांना सात, बियाण्याला दहा, लोखंडाला आणि कापडाला एक. ज्या वस्तूचा दोष दिसायला जितका काळ लागतो तितकी तिची मुदत, हे त्यामागचे सूत्र उघड आहे. दूध तीन दिवस काढल्याशिवाय गायीचे कळत नाही आणि बी दहा दिवसांत उगवले नाही तर ते निर्जीव. म्हणजे स्मृतिकाराच्या लेखी परीक्षा झाली असे केव्हा म्हणायचे, तर दोषाला दिसण्याची संधी मिळाल्यावर. मीमांसकांनी न दिसण्याला घातलेली अट आणि नारदाने दिलेली मुदत या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. हे सूत्र घराला लावले तर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्याशिवाय घर पारखले असे म्हणता येणार नाही, आणि एका दुपारच्या पाहणीने विकणाऱ्याची सुटका तर मुळीच होणार नाही. उलट जो विकणारा “तुमचा इंजिनिअर आणा, हवे ते तपासा” असे मोकळ्या मनाने म्हणतो आणि त्याच वेळी स्वतःला माहीत असलेली गळती पोटात ठेवतो, त्याने समोरच्याच्या तपासणीचाच आडोसा केलेला असतो.

महाभारतात लाक्षागृहाचा जो प्रसंग आहे तो या दृष्टीने सहसा वाचला जात नाही. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी बांधलेल्या घराला शिव, म्हणजे मंगल, असे नाव होते. त्यात पाऊल टाकताच युधिष्ठिराला तूप, लाख आणि चरबी यांचा वास आला आणि हे घर पेटण्यासाठीच बांधले आहे हे त्याने भीमाला सांगितले. नाकाने केलेली ही घराची तपासणी अचूक ठरली खरी. पण हस्तिनापूर सोडताना विदुराने गूढ भाषेत इशारा दिला नसता तर त्या वासाचा अर्थ त्याने तसाच लावला असता काय? नव्या घरात तुपाचा वास येण्याला गृहप्रवेशाच्या होमासारखी निरुपद्रवी कारणेही असू शकतात. काय शोधायचे हे आधी कोणीतरी जाणत्याने सांगितले म्हणून इंद्रियांना ते सापडले.

विदुराचे हे काम पूर्वी गावात शेजारी करीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरे आणि जमिनी विकण्याची जी रीत दिली आहे तिच्यात आधी नातलग, मग शेजारी, मग सावकार असा घेणाऱ्यांचा क्रम आहे आणि बाहेरच्याला विकायचे असेल तर आसपासच्या चाळीस कुटुंबांच्या समक्ष, त्या घरापुढे उभे राहून, सीमा सांगून पुकारा करायचा आहे. चाळीस घरे साक्षीला उभी असताना कोणत्या घराच्या मागच्या भिंतीत पाणी शिरते हे लपून राहणे अवघडच. आजही नेवासे-श्रीगोंद्याकडच्या एखाद्या गावात वाडा विकायला निघाला तर त्याच्या माळवदाची सारी हकीकत पारावर फुकट ऐकायला मिळते. सावेडी-बोल्हेगावच्या नव्या वसाहतीत शेजारीही दोन-चार वर्षांपूर्वी आलेला असतो, आणि सात वर्षांपूर्वी ते रोहाऊस उभे राहिले तेव्हा खाली काळी माती होती की मुरूम हे सांगणारा तेथे कोणी उरलेला नसतो.

याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा सर्वश्रुत असून २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडल्याची वार्ता देशभर गाजली. श्रद्धा असेल तेथे तपासणी लागत नाही, असा धडा या गावावरून काढण्याचा मोह होतो, पण तो घाईचा आहे. शिंगणापूरची श्रद्धा शेजाऱ्याच्या चांगुलपणावरची नसून चोराला शनिदेव सोडणार नाहीत यावरची आहे. म्हणजे तेथेही एक सर्वत्र पाहणारा साक्षी गृहीत आहे. जेथे सर्वांना मान्य असा साक्षी आहे, मग तो देव असो की चाळीस कुटुंबे असोत, तेथे कुलूप आणि परीक्षा दोन्ही शिथिल होतात. उपनगर ही अशा समान साक्षीवाचून जमलेल्यांची वस्ती आहे. तेथे घर तपासायला इंजिनिअर आणणे हा विकणाऱ्यावरचा अविश्वास समजला जातो आणि पुष्कळ घेणारे केवळ संकोचापोटी ते टाळतात. वस्तुतः तो नाहीशा झालेल्या शेजाऱ्यांच्या स्मरणाला शोधलेला पैशाचा पर्याय आहे आणि त्यात कोणाचाच अपमान नाही.

पर्याय आहे म्हणून त्याचीही परीक्षा हवी. न्यायशास्त्रात ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्याला आप्त म्हणतात, आणि वात्स्यायनांच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो आप्त. यांतील पहिली अट कौशल्याची, दुसरी हेतूची. विकणारा पहिल्या अटीत सर्वांहून वरचढ आणि दुसरीत सर्वांत कच्चा; एजंट तर व्यवहार झाला तरच त्याची टक्केवारी, त्यामुळे दोहोंत अधू. घेणाऱ्याने नेमलेला इंजिनिअर दुसऱ्या अटीत बरा, परंतु तोही निखळ नाही, कारण त्याचा अहवाल पुष्कळदा किंमत पाडण्यासाठी मागवलेला असतो. न्यायसूत्रांनी तत्त्व जाणण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याची मोडणारी वितंडा असा भेद केला आहे. केसाएवढ्या गिलाव्याच्या तडांना पायाचा दोष म्हणून मिरवणारा अहवाल ही वितंडाच होय. कायद्यालाही ही शक्यता अपरिचित नाही : त्याच कलम ५५ मध्ये, विकणाऱ्याचा मिळकतीतील हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे आणि त्यामुळे तिचे मोल बरेच वाढते हे घेणाऱ्याला कळले असेल, तर ते त्यानेही उघड केले पाहिजे असे म्हटले आहे. प्रामाणिकपणाचा हा दुसरा अर्धा भाग खरेदीदारांच्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

ज्या तपासणीवर येथे खरोखर पैसा आणि चिंता खर्च होते ती वास्तुतज्ज्ञाची. मुख्य दार कोणत्या दिशेला, ईशान्येला शौचालय तर नाही, यावरून ठरत आलेले व्यवहार मोडतात. या श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. पण तिच्या मूळ ग्रंथांकडे पाहिले तर आजच्या तज्ज्ञाने परंपरेचा उपयोगी भाग नेमका टाकून दिला आहे असे दिसते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येत भूमीची परीक्षा सांगितली आहे ती अशी : हातभर खोल खड्डा खणून काढलेली माती पुन्हा त्यातच भरावी, माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. दुसरी परीक्षा म्हणजे खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. मातीचा भरीवपणा आणि पाणी मुरण्याचा वेग पाहण्याच्या या सरळ रीती आहेत. वास्तुशांतीचा विधी या परीक्षेची जागा घेण्यासाठी कधीच नव्हता. बांधकामात भूमीला आणि तिच्यातल्या जीवांना जी इजा झाली तिची क्षमा मागून तेथे राहण्याची अनुज्ञा घेणे हा त्याचा गाभा आहे, आणि त्या अर्थाने तो फसलेल्या घेणाऱ्याचे सांत्वन करू शकत नाही, तसा गप्प राहिलेल्या विकणाऱ्याला पापमुक्तही करू शकत नाही.

नव्या बांधकामाच्या बाबतीत नारदाचे सूत्र कायद्यात परतले आहे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने बांधकामातील दोष दुरुस्त करून घेण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, ती ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे केली आणि दोष कळवल्यावर बिल्डरने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करावी असे ठरवले. पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे आणि काळ्या मातीच्या पाच फेऱ्या. घराची परीक्षा घरात राहूनच होते, हे त्यात मान्य केलेले आहे. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला त्या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही, आणि उपनगराच्या गल्ल्यांत चार-सहा रोहाऊसचे असे छोटे प्रकल्प भरपूर असतात.

एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला तर कोणतीच मुदत नाही. तेथे कलम ५५ आहे, पण विकणाऱ्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर आहे, आणि ठाऊक असण्याचा पुरावा बहुधा विकणाऱ्याच्या मनातच असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले जाणारे खरेदीखत उघडून पाहावे : त्यात मिळकतीच्या चतुःसीमा असतात, क्षेत्रफळ असते, मिळकत निर्वेध आणि बिनबोजा असल्याची हमी असते, तिच्यावर कोणाचा हक्क निघालाच तर तो विकणाऱ्याने स्वखर्चाने दूर करून देण्याचे वचन असते, घराच्या अंगाविषयी मात्र एकही ओळ नसते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी केले, त्यानंतर कोणत्या खोलीत पाणी उतरले, कोणती तड कितीदा भरली, मे महिन्यात बोअरला पाणी किती वेळ चालते, एवढ्या चार-पाच वाक्यांचे एक परिशिष्ट विकणाऱ्याच्या सहीने जोडायला कायद्याची आडकाठी नाही आणि मुद्रांक शुल्कही त्यामुळे वाढत नाही. ते लिहिले की पुढे “मला ठाऊक नव्हते” असे कोणालाच म्हणता येत नाही, आणि घेणाऱ्याच्या इंजिनिअरलाही हातोडी नेमकी कोठे ठोकायची ते कळते.